नमुना आठ नेमकं काय सांगतो?

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरने त्याच्या शोधप्रस्तावाचा मसुदा वाचायला पाठवला. विषय छान आहे: वऱ्हाडातल्या जुन्या घरांची मालकी कशी बदलत गेली. साधनांच्या रकान्यात मात्र एकच ओळ होती, 'ग्रामपंचायतीचे नमुना ८ चे उतारे'. वाचून मला हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली. कारण तीन वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या मसुद्यात हेच होतं, आणि तेव्हा मी त्यावर एक सुबक तक्ताही काढला होता. त्याला लिहिलेलं उत्तर लांबत गेलं, म्हणून ते इथेच टाकतेय. ही त्याच्या प्रस्तावावरची टीका आहे, तेवढीच माझ्या त्या तक्त्यावरची.

आधी माझा या विषयाशी संबंध काय ते सांगते. मी एम.एस्सी. केमिस्ट्रीची. पीएचडी मातीच्या भिंतींवर आहे, म्हणजे गावठाणातली पांढरी माती, तिच्यातला चुना, भर घातलेलं भुसकट वगैरे. नमुना कितव्या वर्षीचा हे कळायला घर कधी बांधलं हे कळायला हवं, आणि ते शोधता शोधता मी मालकीच्या कागदांत शिरले. पहिलं घर निवडलं ते आमचंच. दर्यापूर तालुक्यातलं, धाब्याचं, पुढे ढाळज, मागे कोठा. घरात सगळे सांगायचे की पणजोबांनी बांधलं, मग आजोबा, मग बाबा आणि काका. नमुना ८ वर आजोबांचं नाव होतं, नंतर बाबा-काकांचं. कागद आणि आठवण जुळली. मी खूश.

प्रेझेंटेशनच्या वेळी समितीतल्या एका सरांनी एवढंच विचारलं, "ही मालकांची यादी आहे की कर भरणाऱ्यांची?"

नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. आजच्या रूपात ती १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि १९६० चे कर व फी नियम यांतून आलेली. ग्रामपंचायतीला एकच गोष्ट हवी असते, घरपट्टी कोणाकडून वसूल करायची. त्या प्रश्नाला ती प्रामाणिक उत्तर देते. रकान्यावर 'मालकाचे नाव' असं छापलेलं आहे म्हणून आपण दुसराच प्रश्न विचारतो आणि त्याच उत्तरावर समाधान मानतो. फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालात स्पष्ट केलंय. कराच्या नोंदीचं वजन त्याहून जास्त कसं असेल?

आमच्या घराचंच बघा. कोतवाल बुकातली आजोबांच्या मृत्यूची नोंद काढली, तर ते गेल्यानंतरही अकरा वर्षं त्यांच्याच नावाने घरपट्टी भरली जात होती. म्हणजे माझ्या तक्त्यातला 'मालकी बदलली' हा बिंदू अकरा वर्षं सरकलेला. लॅबमध्ये एवढी चूक निघाली असती तर आधी मी उपकरणच तपासलं असतं. कागदाच्या बाबतीत तसं करायचं सुचलंच नाही. कागदावर शिक्का होता ना!

आता यावर सगळे म्हणतात, "मग सातबारा बघ." सातबारा शेताचा असतो. वऱ्हाडात मुंबई पद्धतीची मोजणी १८६० च्या दशकात सुरू झाली, ती काळीची. सरकारचं उत्पन्न काळीतून यायचं, पांढरीतून नाही. त्यामुळे जुना गावनकाशा उघडला की शेतांच्या रेषा काटेकोर दिसतात आणि गावठाण म्हणजे मधला एक ठिपका, आत एकही रेष नाही. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १२६ खाली गावठाणांची मोजणी झाली, पण ती साधारण २००० पेक्षा जास्त लोकसंख्येच्या गावांत. लहान गावं तशीच राहिली. तिथे घराच्या जागेचा जुना सरकारी नकाशाच नाही, आणि सगळ्यांचा भार एकट्या नमुना ८ वर.

मग उरतं नोंदणी कार्यालय. दुय्यम निबंधकांकडे पुस्तक क्रमांक १ असतं, त्याच्या सूच्या असतात. सूची एक नावावरून, सूची दोन मिळकतीवरून. फी भरून कोणीही शोध घेऊ शकतं. इथे पहिल्यांदा 'कोणी कोणाला दिलं' या प्रश्नाचं थेट उत्तर मिळतं, त्यामुळे विद्यार्थी या सूचीच्या प्रेमात पडतात. मीही पडले. आणि तिथेच दुसरी चूक केली: सूचीत घर सापडलं नाही त्या वर्षांत व्यवहार झालाच नाही असं धरलं.

सायन्सवाल्यांना ही गोष्ट एका शब्दात कळेल: डिटेक्शन लिमिट. उपकरणाला अमुक प्रमाणाखालचं दिसत नाही. 'दिसलं नाही' म्हणजे 'नाही' असं आपण तिथे कधीच लिहीत नाही. नोंदणीच्या सूचीलाही अशी मर्यादा आहे आणि ती चक्क रुपयांत लिहिलेली आहे, १०० रुपये. शंभराखालच्या स्थावराच्या विक्रीचा दस्त नोंदवणं सक्तीचं नव्हतं. आज शंभर रुपयांत चौकटीची कडीही येत नाही, पण शंभर वर्षांपूर्वी खेड्यातल्या मातीच्या घराची किंमत सहज शंभराच्या आत असायची. ताबा दिला, चार पंच बसले, झालं. शिवाय वारसा, तोंडी वाटणी, मृत्युपत्र यांची नोंदही सक्तीची नाही. बक्षीसपत्राची मात्र आहे, किंमत कितीही असो. म्हणजे ही सूची नुसती कमी दाखवत नाही, ती निवडून दाखवते. मोठी घरं दिसतात, लहान घरं गायब. गढीचा इतिहास लिहिणं सोपं जातं आणि गावाच्या कडेच्या वस्तीचा जवळपास अशक्य होतं, त्याचं एक कारण या शंभर रुपयांत आहे.

जे दिसतं तेही जपून वाचा. सूचीत 'खरेदी' लिहिलं म्हणजे विक्रीच, असं नाही. कर्ज द्यायचं, तारण म्हणून खरेदीखत करून घ्यायचं आणि पैसे फिटले की परत लिहून देऊ असा वेगळा कागद करायचा, ही सावकारीतली जुनी रीत. १९२९ च्या दुरुस्तीनंतर परत देण्याची अट त्याच दस्तात असल्याशिवाय त्याला गहाण मानायचं नाही असं ठरलं. त्याआधीच्या खरेद्यांमध्ये विक्री किती आणि कर्ज किती, हे सूचीवरून कळत नाही. मूळ दस्त काढावा लागतो, तो बहुधा मोडीत असतो. मोडी शिका. दोन-तीन महिने लागतात, रडू येतं, पण शिका.

कागद कुठे शोधायचा हाही आपल्याकडे एक घोळ आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं, मालकी मात्र निजामाची राहिली. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलं, १९६० पासून महाराष्ट्रात. आणि १९०५ पर्यंत वऱ्हाडात सहा जिल्हे होते. आमचा दर्यापूर तालुका तेव्हा अमरावतीत नव्हताच, एलिचपूर जिल्ह्यात होता. मी 'अमरावती' म्हणून १९०० च्या आधीचे कागद दोन आठवडे मागत होते. नाहीत म्हणाले. खरंच नव्हते! त्यात जुन्या कागदावर सन फसली असेल तर ५९० मिळवायचे, वर्षाच्या कोणत्या भागातला आहे ते बघून कधी ५९१.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र हाताला लागली, आणि ज्युनिअरला मी तीच करायला सांगितली. स्वतःचं घर शोधू नकोस, शेजाऱ्यांचं शोध. प्रत्येक दस्तात चतुःसीमा असते: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमक्याचं घर. आपल्या घराचा व्यवहार नोंदवलेला नसला, तरी शेजारच्या घराच्या दस्तात आपलं घर सीमा म्हणून येतं, तेही तेव्हा तिथे राहणाऱ्याच्या नावासकट. आमच्या घराच्या पश्चिमेच्या घराची १९१२ ची खरेदी सापडली. तिच्यात 'पूर्वेस' जे नाव आहे ते आमच्या घराण्याचं नाहीच. आडनावही वेगळं. म्हणजे पणजोबांनी घर बांधलं ही घरातली गोष्ट, निदान त्या जागेपुरती, तिथेच संपली. चतुःसीमासुद्धा मालकी सिद्ध करत नाही, हे खरं. पण ती लिहिणाऱ्याला आमच्या घराबद्दल खोटं बोलण्यात काही फायदा नव्हता, आणि साधन पारखताना मी आता हे आधी बघते.

मग १९३४ चा दस्त मिळाला. १७५ रुपये, खरेदी. विकणारं आडनाव तेच, १९१२ च्या सीमेतलं. घेणार: माझी पणजी.

पणजोबा नाही. पणजी, स्वतःच्या नावाने.

इथे घाई करू नका, मी केली होती. बायकोच्या नावाने नवऱ्याने घेणं तेव्हा सर्रास चालायचं, सावकाराच्या जप्तीपासून घर वाचवायलाही. कोर्टं अशा वेळी बघतात की पैसे कोणाचे, ताबा कोणाचा, हेतू काय आणि मूळ दस्त कोणाच्या पेटीत होता. पैशांचं मला काहीच सापडलं नाही. पेटीचं सापडलं. बाबांची आत्या, वय ८६, अकोल्याला असते. मी तिला आत्याआजी म्हणते. विचारलं तर म्हणाली, "थे घर माह्या मायचं होतं ना बाप्पा. तिनं पाटल्या मोडल्या होत्या. कागद तिच्याच पेटीत राहे." आणि मग, "तुह्या आजोबानं कधी सांगतलं नाही काय तुले?"

तिचं बोलणं पुरावा म्हणून किती धरायचं यावर गाईडशी माझा अजून वाद चालू आहे. ती १९३९ ची, व्यवहार १९३४ चा. म्हणजे पाटल्यांची गोष्ट ऐकीव. पेटीचं मात्र तिने डोळ्यांनी पाहिलेलं. थिसिसमध्ये मी दोन्ही वेगवेगळ्या ओळीत लिहिलंय.

आपल्याला या घरांची गोष्ट आधीच पाठ असते, ही अडचणही मला उशिरा कळली. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' (१९८५) विदर्भातल्याच देशपांड्यांच्या वाड्यावरचं. नाटक म्हणून ते मला अजून हलवतं. पण ते वाचलेला विद्यार्थी प्रत्येक दस्तात पडझडच शोधतो: घराणं, कर्ज, विक्री, शेवट. विकणाऱ्याचा शेवट असतो तिथे घेणाऱ्याची सुरुवात असते, आणि घेणाऱ्यांवर कोणी लिहीत नाही. १९३४ मध्ये आम्ही घेणारे होतो. तरी घरात सांगायची गोष्ट मात्र 'मूळचे वाड्यावाले' अशी.

हे सगळं अभ्यासापुरतं राहिलं असतं तर इथेच थांबले असते. पण एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होतेय आणि प्रत्येक घराला मिळकत पत्रिका मिळणार आहे. योजना चांगली आहे. त्या रिकाम्या ठिपक्यात शेवटी रेषा येतायत. मोजणी अचूक असेल. नावांची सुरुवात मात्र ग्रामपंचायतीच्या नमुना ८ पासून होते, मग जागेवर चौकशी आणि हरकती. म्हणजे घरपट्टीसाठी लिहिलेलं नाव, कोणी हरकत घेतली नाही तर, मिळकत पत्रिकेवर जाऊन बसणार. आणि हरकत कोण घेणार? गावात असतो तो. लग्न होऊन गेलेली मुलगी चौकशीच्या दिवशी गावात नसते.

पणजी १९६१ मध्ये गेली, कोतवाल बुकात आहे. घर खरंच तिचं असेल, तर १९५६ चा वारसा कायदा तेव्हा लागू होता आणि त्यात मुलगा-मुलगी दोघंही वारस. आजोबा आणि आत्याआजी. इतक्या वर्षांनी त्या हक्काचं कायद्याने काय उरतं हे वकिलाने सांगायचं, मी नाही. पण नमुना ८ च्या माझ्या तक्त्यात आत्याआजीचं नाव कुठेच नव्हतं, आणि तो तक्ता मी 'मालकीचा इतिहास' या शीर्षकाखाली दिला होता.

आता तिथे शीर्षक आहे 'करदात्यांची नोंद, १९६० नंतर'. मालकीचा तक्ता वेगळा केलाय. त्यात १९१२ च्या आधी 'अज्ञात' आहे. १९१२ ते १९३४ मध्ये विकणाऱ्याचं आडनाव आणि पुढे प्रश्नचिन्ह. १९३४ समोर पणजीचं नाव, '(दस्तानुसार)' असं लिहून. १९६१ च्या पुढचा रकाना मी अजून भरलेला नाही.

दस्ताची नक्कल आणि मोडीचं लिप्यंतर बाबांना दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं. आमच्या गावची चौकशी अजून व्हायची आहे. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "आत्याले दाखवलं का तू हे?" मी म्हटलं, नाही, आधी तुम्हाला. ते म्हणाले, "मंग रविवारी अकोल्याले जाऊ."