स्पेलिंगची स्पर्धा : पाठांतर की तर्क?

अमेरिकेतील 'नॅशनल स्पेलिंग बी' ही शाळकरी मुलांची स्पर्धा १९२५ साली सुरू झाली. ती पाहायला बसलेल्या माणसाला प्रथम वाटते, की हा निव्वळ पाठांतराचा खेळ आहे. थोडा वेळ नीट ऐकले, की मत बदलते. शब्द कानावर पडताच मूल स्पेलिंग सांगू लागत नाही. ते विचारते, 'याचा अर्थ काय? हा कोणत्या भाषेतून आला?' उत्तर 'ग्रीक' असे आले, तर 'फ' हा ध्वनी 'एफ'ऐवजी 'पीएच'ने लिहिला असण्याचा संभव वाढतो. 'फोटोसिंथेसिस' या शब्दात तसेच आहे. म्हणजे अपरिचित शब्दाविषयी पुरावा गोळा करून अनुमान बांधणे चालू असते. ही विज्ञानाचीच रीत नव्हे का?

२०१९ साली २० फेऱ्यांनंतरही आठ मुले टिकून राहिली आणि आठही जणांना विजेते ठरवण्यात आले. २०२१ मध्ये आयोजकांनी बरोबरी सोडवण्यासाठी नवा नियम आणला : ९० सेकंदांत जास्तीत जास्त शब्दांचे स्पेलिंग सांगायचे. २०२४ च्या विजेत्याने असे २९ शब्द अचूक सांगितले. प्रेक्षकांना यात थरार वाटतो; पण या घाईत प्रश्न विचारायला उसंत उरत नाही. स्पर्धेतला सर्वांत मोलाचा भाग नेमका निर्णायक क्षणी गळून पडतो. आठ विजेते झाले, तर त्यात बिघडले काय?

वर्गात आपण 'चटकन सांग' म्हणतो, तेव्हाही हेच घडते. पुढच्या वेळी नवी संज्ञा फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना तिच्याविषयी दोन प्रश्न विचारू द्यावेत.