जवळ, पण कशाच्या?

ग्रासहॉपर शिकायला घेतलं की पहिल्या आठवड्यातच व्होरोनॉय भिंत बनवून होते. धडे ठरलेले आहेत: आयतात शंभरेक बिंदू विखुरा, ‘व्होरोनॉय’ नावाचा डबा जोडा, तयार झालेल्या पेशी जराशा आत ओढा, कोपरे गोल करा. मधमाश्यांचं पोळं आणि भेगाळलेलं शेत यांच्या मधलं काहीतरी पडद्यावर उमटतं. दिसतं झकास. मीही बनवली. माझा पेशा सॉफ्टवेअरचा, वास्तुरचनेचं शिक्षण शून्य. त्यामुळे पुढचं सगळं म्हणजे कोड वाचायची सवय असलेल्या माणसाने केलेलं वाचन आहे.

व्होरोनॉय म्हणजे मुळात एक प्रश्न आहे. या ठिकाणाहून सगळ्यांत जवळचा बिंदू कोणता? ज्या जागांचं उत्तर एकच, त्यांची मिळून एक पेशी. व्होरोनॉयचं नाव या कल्पनेला मिळायच्या कितीतरी आधी, लंडनच्या सोहो भागात १८५४ साली कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी नकाशावर अशीच एक सीमा आखली. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आजूबाजूचे इतर पंप यांच्यापासून चालत सारख्याच अंतरावर असणारी ठिकाणं जोडणारी ती रेषा. रेषेच्या आतल्या माणसाला ब्रॉड स्ट्रीटचं पाणी जवळ पडणार, बाहेरच्याला दुसरं. तिथे ‘जवळ’ या शब्दात माणसांचं जगणं-मरणं होतं.

भिंतीवरच्या पेशी कशाच्या जवळ आहेत? कशाच्याच नाहीत. बिंदू यादृच्छिक आहेत. ‘सीड’चा आकडा ३ वरून ४ केला की दुसरी भिंत, तितकीच झकास.

मला ग्रासहॉपर आवडतं, हे आधी सांगायला हवं. रॉबर्ट मॅकनील अँड असोसिएट्समध्ये डेव्हिड रटन यांनी ते २००७च्या सुमारास राइनोसाठी लिहिलं, आणि त्याचं सुरुवातीचं नाव होतं ‘एक्स्प्लिसिट हिस्टरी’. ते नाव टिकायला हवं होतं. आकार कसा घडला याचा इतिहास डबे आणि तारांच्या रूपात उघडा पडलेला असतो. वरचा एक आकडा बदला, खालचं सगळं पुन्हा मोजलं जातं. एक्सेलच्या तक्त्याला भूमिती सुचली तर असंच दिसेल. डब्यांना नावं न देण्याची, तारांचा गुंता तसाच ठेवण्याची सवय मात्र आमच्याकडे कोड-रिव्ह्यूमध्ये एक दिवस टिकणार नाही. डॅनियल डेव्हिस यांनी २०१३च्या आपल्या पीएचडी प्रबंधात हाच धागा पकडून अशा मॉडेलांना सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या शिस्तीची गरज असल्याचं मांडलं. ते पटतंच. माझी तक्रार त्याच्याही अलीकडची आहे. स्लायडरला नाव दिलं, तरी त्याला एकक कुठे आहे? ०.३७ म्हणजे मीटर, किलो, की रुपये?

इथे गाउदींकडे जावंच लागतं. बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी त्यांनी दोऱ्यांचं एक उलटं मॉडेल टांगलं होतं, दोऱ्यांना छर्‍यांनी भरलेल्या लहान पिशव्या. टांगलेली दोरी फक्त ताण सोसते. तोच वक्र उलटा केला की कमान फक्त दाब सोसते, आणि दगड-विटांना तेवढंच जमतं. या मॉडेलवर दहाएक वर्षं गेली, आणि शेवटी चर्चचा तळघराचा भागच तेवढा बांधून झाला. तारा आणि डबे नसले, तरी हे पक्कं पॅरामेट्रिक मॉडेल आहे: एक दोरी आखूड करा, शेजारच्या सगळ्या सरकतात. पण गाउदींना वक्र हवा तसा ओढता येत नव्हता. दोरीची लांबी त्यांच्या हातात, पिशवीचं वजन येणाऱ्या भारावरून ठरलेलं, बाकीचं गुरुत्वाकर्षणाकडे. ते मॉडेल ‘नाही’ म्हणू शकत होतं.

आज डॅनियल पायकर यांचं कांगारू हे प्लगइन तोच झोळ काही मिनिटांत काढून देतं. देणगी मोठी आहे. फक्त धड्यात भाराचा स्लायडर ‘छान दिसेपर्यंत’ वर न्यायला सांगतात, तेव्हा पिशवी रिकामी होते.

रिकामी पिशवी ही केवळ नवशिक्यांची अडचण असती तर लिहायचं कारण नव्हतं. पॅट्रिक शूमाकर यांनी २००८च्या व्हेनिस बिएनालेच्या निमित्ताने पॅरामेट्रिसिझमचा जाहीरनामा मांडला: आधुनिकतावादानंतरची मोठी शैली हीच. त्यात काय टाळावं हे सांगितलंय. ताठर मूलभूत आकार नकोत, साधी पुनरावृत्ती नको. मला हे विचित्र वाटतं. प्रोग्राम चालवण्याआधीच ‘उत्तर चौकोन येता कामा नये’ अशी टेस्ट लिहून ठेवायची, आणि वर म्हणायचं की आकार पॅरामीटरमधून उगवला! भार, ऊन आणि खर्च घालून चौकोनच आला तर?

उलट बीजिंगचं २००८चं ऑलिंपिक जलतरण केंद्र पाहा. चौकोनी खोकंच आहे ते. भिंती मात्र फेसाच्या. वेअर आणि फेलन यांनी १९९३ साली फेसाची जी रचना शोधली, ती नियमित रचना तिरकी फिरवून कापली, म्हणून ती बेशिस्त दिसते. सुमारे २२,००० पोलादी तुकडे. कुठला किती जाड हे हाताने ठरवणं अशक्य, म्हणून अरूपच्या अभियंत्यांनी त्यासाठी प्रोग्राम लिहिले. स्क्रिप्टिंगची गरज इथे लागते. फेसाची कल्पना पोहण्याच्या तलावासाठी जरा शाळकरी आहे, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही; पण त्यातल्या प्रत्येक आकड्याला वजन आहे.

शिकवायचंच तर सुरुवात लुइजी मोरेत्तींपासून करावी. संगणक दुर्मीळ असताना, १९६० साली, त्यांनी मिलानच्या त्रिएनालेत स्टेडियमची पॅरामेट्रिक मॉडेलं मांडली. बसण्याच्या रांगांचा वक्र तिथे प्रेक्षकाला खेळ किती नीट दिसतो यावरून येतो. पहिल्या धड्यात शंभर यादृच्छिक बिंदूंऐवजी असे शंभर प्रेक्षक ठेवायचे, आणि स्लायडर हलवताना शेवटच्या रांगेतल्या माणसाला चेंडू दिसतोय का, ते पाहायचं.