उसाचे मूळ, उसाचे पान आणि नायट्रेट : एका गृहीताची चिकित्सा

इचलकरंजीचे नाव यंत्रमागांमुळे सर्वतोमुखी झाले असले, तरी गावाची वेस ओलांडताच दृष्टीस पडतो तो ऊस. हातकणंगले व शिरोळ तालुक्यांतील पंचगंगाकाठच्या काळ्या जमिनीत या पिकाने इतर पिकांना मागे सारले आहे. आडसाली उसासाठी महाराष्ट्रात हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस केली जाते. हे सर्व नत्र युरियाच्या रूपाने द्यायचे म्हटल्यास सुमारे ८७० किलो युरिया, म्हणजे ४५ किलोची १९ पोती लागतात. या शिफारशीमागे व तिच्या समर्थनार्थ केल्या जाणाऱ्या विवेचनामागे एक गृहीत उभे आहे. ते असे की, खत कोणत्याही रूपात घातले तरी जमिनीतील जंतू त्याचे नायट्रेट करतात आणि पीक मुख्यतः नायट्रेटच शोषून घेते. गहू, मका, ज्वारी यांच्याविषयी हे विधान बऱ्याच अंशी खरे आहे. उसाविषयी ते तितकेच खरे आहे काय, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

तो स्पष्टपणे विचारणारा निबंध ऑस्ट्रेलियातील निकोल रॉबिन्सन, सुझान श्मिट व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. नायट्रेटविषयीची रूढ कल्पना उसाला लागू पडत नाही, हे त्यांनी शीर्षकातच सांगून टाकले आहे. नत्राची ददात नसलेल्या उसाच्या रोपांनी अमोनियम व नायट्रेट यांपैकी अमोनियमला ठळकपणे प्राधान्य दिले. त्याच कुलातील ज्वारी व मका यांनी दोन्ही रूपे सारख्याच सहजतेने घेतली. एरिआन्थस हे उंच गवत मध्यम स्थानी राहिले. शिवाय उसाच्या खोडापानांत नायट्रेट साठवून ठेवण्याची शक्ती कमी असल्याचे आढळले. लागणीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत खतामुळे जमिनीत नायट्रेट मुबलक असते. परंतु ऊस त्याचा लाभ घेऊ शकत नाही आणि ते वाहून जाण्यास मोकळे राहते, असा निष्कर्ष लेखकांनी काढला. या निबंधाचे महत्त्व वादातीत आहे. त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे पंचगंगेच्या खोऱ्यात आणता येतील किंवा नाही, एवढाच प्रश्न उरतो. आणि तो लहान नाही.

नायट्रेटचे शोषण ही मुळाच्या दृष्टीने खर्चाची बाब आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मूळकोशिकेची आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे १०० ते २०० मिलिव्होल्ट इतकी ऋण असते आणि नायट्रेट हा आयनही ऋणभारितच. म्हणजे विद्युत्-दाबाविरुद्ध त्याला आत ओढावे लागते. कोशिका ऊर्जा खर्चून प्रोटॉन बाहेर टाकते आणि ते परत येताना साधारणतः दोन प्रोटॉनांच्या जोडीने एक नायट्रेट आत येते. हे काम करणारी वाहक प्रथिने दोन प्रकारची आहेत. एक प्रकार द्रावणात नायट्रेट अत्यल्प असताना कामाला येतो व लवकरच आपल्या मर्यादेला पोचतो. दुसरा प्रकार नायट्रेटची संहती लिटरला सुमारे अर्ध्या ते एक मिलिमोलपेक्षा अधिक झाली की प्रभावी ठरतो आणि ती वाढेल तसा वाढत जातो. आयनांचे शोषण वाहकांमार्फत होते व त्याला एंझाइमांसारखे गणित लागू पडते, हा विचार एप्स्टाइन व हेगन यांनी १९५२ साली बार्लीच्या तोडलेल्या मुळांवरील प्रयोगांतून मांडला. त्या वाहकाला नाव व जनुक मिळण्यास १९९३ साल उजाडावे लागले. क्लोरेटचे विष पचवणाऱ्या ॲराबिडॉप्सिसच्या उत्परिवर्तित रोपांचा माग काढीत यी-फांग त्साय, नायजेल क्रॉफर्ड व त्यांचे सहकारी नायट्रेटच्या पहिल्या वनस्पतिज वाहकापर्यंत पोचले. हाच वाहक दोन्ही प्रकारची कामे करतो, हे पुढे सिद्ध झाले.

आत आलेले सर्व नायट्रेट आत राहत नाही, ही गोष्ट अनेकदा नजरेआड होते. काही भाग पुन्हा बाहेर झिरपतो. द्रावणातील नायट्रेट किती घटले एवढेच मोजले, तर हाती लागते ती आवक व जावक यांची वजाबाकी. आवक वेगळी काढावयाची तर नत्राचे समस्थानिक वापरावे लागते. पूर्वी नायट्रेट न पाहिलेल्या मुळाची पूर्ण शोषणशक्ती जागी होण्यास काही तास लागतात, हेही विसरून चालत नाही. पोटभर नत्र मिळालेले मूळ तर ही यंत्रणा आपण होऊन आवरती घेते.

रॉबिन्सन यांच्या निष्कर्षाचा तोल याच मुद्द्यावर पाहावयास हवा. त्यांचा ऊस नत्रतृप्त होता. तृप्त अवस्थेतील आवड व भुकेल्या अवस्थेतील वर्तन ही एकच मानता येत नाहीत. दुसरे असे की, दोन रूपांपैकी कोणते अधिक पसंत, हे ठरवताना ती दोन्ही मुळापुढे हजर असावी लागतात. शेतात ती तशी नसतात. धनभारित अमोनियम मातीच्या कणांना चिकटून बसते व मुळापर्यंत अतिशय संथपणे सरकते. नायट्रेट मात्र मातीतील पाण्यात मोकळे असते आणि बाष्पोच्छ्वासाने मुळाकडे खेचल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर आपोआप येते. ताटात एक पदार्थ चिमूटभर व दुसरा ढीगभर असल्यास पोटात काय गेले यावरून आवड ठरत नाही. आणि आवडीवरून पोटात काय गेले तेही सांगता येत नाही.

क्वीन्सलंडच्या ऊसपट्ट्यातील बऱ्याच जमिनी आम्लधर्मी आहेत. पंचगंगाकाठची काळी जमीन चुनखडीयुक्त व अल्कधर्मी आहे. अशा जमिनीत नायट्रीकरण करणारे जंतू जोमाने काम करतात आणि युरियातून निर्माण झालेले अमोनियम उबदार, ओल्या मातीत थोड्याच आठवड्यांत नायट्रेट होऊन जाते. युरिया वरच्यावर फेकल्यास त्यातील काही नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते, ते वेगळेच. म्हणून उसाला अमोनियम आवडते, असे सिद्ध झाले तरी येथे त्याला ते फार काळ मिळत नाही. उसाची अडचण त्यामुळे क्वीन्सलंडपेक्षा कमी न होता वाढते, असाच तर्क निघतो. २०१५ पासून देशात सर्व युरिया नीमलेपित करणे बंधनकारक झाले. या लेपाने नायट्रीकरणाला विलंब होतो. परंतु चुनखडीच्या काळ्या जमिनीत आडसाली उसाखाली हा विलंब किती दिवसांचा, हे मोजून पाहण्याजोगे आहे. शिरोळकडील क्षारपड व पाणथळ जमिनींत आणखी दोन गोष्टींची भर पडते. क्लोराइड मुळापाशी नायट्रेटशी स्पर्धा करते आणि हवा कोंडलेल्या मातीत जंतू नायट्रेटचे वायुरूप नत्र करून टाकतात.

पानांसंबंधीच्या लेखनात याहून मोठा गोंधळ आढळतो. ‘पानांतील नायट्रेटशोषण’ या शब्दप्रयोगाखाली दोन भिन्न क्रिया एकत्र केल्या जातात. मुळांतून प्रकाष्ठामार्गे आलेले नायट्रेट पानातील कोशिका आपल्या पटलांतून आत घेतात, ही पहिली. पानाच्या पृष्ठावर फवारलेले नायट्रेट उपत्वचा भेदून आत शिरते, ही दुसरी. पहिली क्रिया वनस्पतीच्या नित्य जीवनाचा भाग आहे. दुसरी मुख्यतः शेतकऱ्याने घडवून आणलेली. उसासारख्या चतुष्कार्बनी वनस्पतीत पहिल्या क्रियेला एक विशेष वळण आहे. नायट्रेट येते ते शिरेतून, शिरेला वेढून असतात वाहिनीपूल-आवरणाच्या कोशिका. परंतु नायट्रेटचे क्षपण करणारी एंझाइमे मुख्यत्वे त्यापलीकडच्या मध्योतक कोशिकांत असतात. तेथे कोशिकाद्रवात नायट्रेट रिडक्टेज त्याचे नायट्राइट करते, मग हरितकणूत नायट्राइटचे अमोनियम होते. पहिल्या पायरीस दोन इलेक्ट्रॉन व दुसरीस सहा लागतात. उरलेले नायट्रेट रिक्तिकांत साठते. ही साठवण उसात तोकडी आहे, असे रॉबिन्सन म्हणतात तेव्हा मर्यादा मुळाची की पानाची, हा प्रश्न उघडाच राहतो. साठवणुकीस जागा नसेल, तर मुळाचे दारही मागून बंद होईल.

या संदर्भात पदव्युत्तर प्रबंधांतील एका रूढ पद्धतीचा उल्लेख अपरिहार्य आहे. पानांचे तुकडे नायट्रेटयुक्त द्रावणात अंधारात ठेवून बाहेर पडणारे नायट्राइट मोजले जाते आणि त्या आकड्यावरून पिकाची ‘नायट्रेटशोषण-क्षमता’ ठरवली जाते. परीक्षानळीत नायट्रेट बाहेरून पुरवले असताना मूळ रोपाने जमिनीतून किती घेतले होते, हे त्यातून कळणे शक्य नाही. मोजली जाते ती एंझाइमाची शक्ती. तीही प्रकाशात वाढणारी व अंधारात मावळणारी. सकाळी दहा वाजता तोडलेले पान व दुपारी चार वाजता तोडलेले पान यांची तुलना करून दोन जातींतील भेद सांगितला जातो, हे तर सर्वस्वी अनुचित होय.

फवारणीचा हिशेब साध्या अंकगणिताने होतो. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला जुना सोरा, आज दुकानांत ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ या नावाने मिळतो. त्याचे एक टक्का द्रावण हेक्टरी ५०० लिटर फवारल्यास त्यात नत्र असते ६५० ग्रॅम. चारशे किलोपुढे हे काय? दोन टक्के युरिया घेतला तरी आकडा ४.६ किलोपर्यंतच जातो. त्यातही युरियाचा रेणू भाररहित असल्याने मेणचट उपत्वचेतून नायट्रेटपेक्षा सुलभतेने जातो. नायट्रेटाला तेथील सूक्ष्म जलमार्ग व त्वग्रंध्रे यांचाच आधार, आणि तोही थेंब ओला असेपर्यंत. पोटॅशियम नायट्रेट हवेतील ओलावा खेचून पुन्हा विरघळते ते आर्द्रता नव्वद टक्क्यांहून अधिक झाल्यावर. कॅल्शियम नायट्रेटाला पन्नाशीच्या आसपासची आर्द्रताही पुरते. एप्रिलच्या दुपारी फवारलेला सोरा पानावर पांढरी खपली होऊन बसतो, त्याचे कारण हेच. सूक्ष्मद्रव्यांसाठी फवारणीचे मोल मोठे आहे. चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या कमतरतेने ऊस केवडा पडतो तेव्हा फेरस सल्फेटची फवारणी गुण देते. दुर्दैवाने केवड्याची पिवळी पाने पाहून युरियाचे आणखी एक पोते पडते. नत्राची उणीव जुन्या, खालच्या पानांत प्रथम दिसते आणि लोहाची कोवळ्या पानांत, एवढा भेद पाहिला तरी पुष्कळ खर्च वाचेल.

शिफारशीप्रमाणे नत्राचा दहा टक्के हप्ता लागणीच्या वेळी, चाळीस टक्के सहा ते आठ आठवड्यांनी, दहा टक्के बारा ते सोळा आठवड्यांनी व उरलेला चाळीस टक्के मोठ्या बांधणीला द्यावयाचा असतो. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते. म्हणजे हेक्टरी १६० किलोचा दुसरा हप्ता ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुमारास, पाऊस चालू असताना व मुळांचा पसारा लहान असताना पडतो. रॉबिन्सन यांनी दाखवलेला धोक्याचा काळ तो हाच. त्यांच्या प्रयोगाबद्दल कितीही शंका घेतल्या, तरी या योगायोगाला उत्तर द्यावेच लागते. पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा प्रक्रियागृहांचे रंगीत पाणी व नागरी मैला यांभोवती फिरते, आणि ती योग्यच आहे. परंतु नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि ती ओलांडल्यास त्याची झळ प्रथम तान्ह्या मुलांच्या रक्ताला लागते.

आडसाली उसाखाली सप्टेंबर व ऑक्टोबरमध्ये, दर पंधरवड्याला, तीस, साठ व नव्वद सेंटिमीटर खोलीवरील मातीत नायट्रेट व अमोनियम दोन्ही मोजणे, त्याच दिवशी ठरावीक वेळी वरून तिसऱ्या पानातील नायट्रेट पाहणे, आणि शेजारच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना घेणे, एवढ्याने या वादाचा स्थानिक भाग निकालात निघू शकेल. शेजारीच त्याच जमिनीत ज्वारीचा एक वाफा ठेवल्यास तुलनेचीही सोय होईल.