साधन आणि बखर : रोमन इतिहासाच्या अध्यापनातील आंतरजालीय सामग्री

मराठी इतिहाससंशोधनात ‘साधन’ या शब्दाला एक ठरीव अर्थ आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून साधन म्हणजे समकालीन अस्सल कागद, आणि बखर म्हणजे अशा कागदांच्या कसोटीवर घासून घेतल्याखेरीज ग्राह्य न मानावयाचे कथन, हा विवेक येथील अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेला आहे. आंतरजालाच्या संदर्भात मात्र हाच शब्द अगदी निराळ्या अर्थाने योजिला जातो. ज्याच्या योगे अध्यापन सुकर होते ते साधन; मग ते एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या पत्राचे छायाचित्र असो की हल्लीच रचलेले एखादे चलच्चित्र असो. अर्थांची ही सरमिसळ केवळ शाब्दिक राहत नाही. प्राचीन रोमच्या अध्यापनात ती प्रत्यक्ष वर्गात उतरते आणि विद्यार्थी बखरीला कागद समजू लागतो.

उपलब्धतेची अडचण आता फारशी उरलेली नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. लिव्ही, टॅसिटस, सिसेरो यांचे ग्रंथ मुळातून पाहावयाचे तर पूर्वी मोठ्या शहरांतील मोजक्या ग्रंथालयांकडे धाव घ्यावी लागे. आज टफ्ट्स विद्यापीठाचे ‘पर्सियस’ हे ग्रंथालय किंवा शिकागो विद्यापीठाच्या संगणकावरून चालणारे ‘लाकुस कुर्तिउस’ हे संकेतस्थळ तालुक्याच्या गावी बसूनही उघडता येते. पर्सियसमध्ये लॅटिन शब्दावर बोट ठेवताच त्याची विभक्ती, वचन, धातुरूप यांची फोड समोर येते. ज्याने संस्कृत विभक्ती घोकलेल्या आहेत, त्याला या सोयीचा लाभ इतरांहून लवकर होतो. मात्र यंत्र एका रूपाच्या तीन-चार शक्यता मांडून थांबते आणि त्यांतून निवड वाचणाऱ्यालाच करावी लागते, हे त्याने विसरू नये. खरी अडचण पुढे आहे. स्वामित्वहक्काची मुदत संपलेले ग्रंथच या स्थळांवर विनामूल्य ठेवता येतात. त्यामुळे पर्सियसवरील मुख्य लॅटिन कोश १८७९ चा आहे. लाकुस कुर्तिउसवरील स्मिथचा पुरातत्त्वकोश १८७५ चा, आणि प्लॅटनर व ॲशबी यांचा रोमच्या स्थलवर्णनाचा कोश १९२९ चा आहे. हे सर्व ग्रंथ थोर आहेत, परंतु जुने आहेत. पँथिऑनच्या दर्शनी भागावर अग्रिप्पाचे नाव कोरलेले असले, तरी आजची वास्तू हेड्रियनच्या काळातील आहे, हे विटांवरील शिक्क्यांच्या अभ्यासातून १८९० नंतर सिद्ध झाले. १८७५ च्या कोशात ते कोठून असणार? पुस्तक हाती घेतले की पिवळ्या पडलेल्या पानांवरून त्याचे वय तरी कळते. पडद्यावर सर्वच ग्रंथ सारखे तरुण दिसतात.

जुनेपणाचा हा दोष ग्रंथांत निदान शोधल्यास सापडतो. चित्रांत तो अधिक खोल दडलेला असतो. ‘रोम रीबॉर्न’ हा प्रकल्प १९९६ मध्ये सुरू झाला आणि इ. स. ३२० मधील संपूर्ण रोम नगराची संगणकीय प्रतिकृती त्याने २००७ मध्ये प्रथम जगापुढे ठेवली. वर्गात ती दाखविली असता विद्यार्थी स्तिमित होतात, आणि ते स्वाभाविकच आहे. तीत सुमारे ७००० इमारती आहेत. यांपैकी ज्यांचे स्थान, आराखडा आणि उंची यांविषयी भक्कम पुरावा आहे अशांची संख्या अगदी थोडी. उरलेल्या हजारो इमारती चौथ्या शतकातील विभागवार याद्यांतील संख्यांच्या आधारे भरून काढलेल्या आहेत. पहिल्या आवृत्तीत त्यांची रूपे इतालो गिस्मोंदी याने प्लॅस्टरमध्ये घडविलेल्या रोमच्या प्रतिकृतीवरून लेसर-आलेखनाने घेतली होती. गिस्मोंदीची ती प्रतिकृती १९३७ च्या ऑगस्टस-प्रदर्शनाशी संबद्ध होती. मुसोलिनीच्या राजवटीने ऑगस्टसच्या जन्माची दोन हजार वर्षे साजरी करण्यासाठी ते प्रदर्शन भरविले होते. म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील नवे रोम एका फॅसिस्ट उत्सवातील रोमच्या खांद्यावर उभे होते. पुढील आवृत्तीत ही घरे काढून संगणकाने ठरावीक नियमांनुसार नवी घरे रचली. नियम बदलला की गल्ली बदलते.

प्रकल्पकर्त्यांनी हे लपविलेले नाही. खात्रीच्या आणि अनुमानाच्या इमारती असे दोन वर्ग त्यांनी स्वतःच पाडले आहेत. परंतु चित्र पाहताना हा भेद डोळ्यांना दिसत नाही, आणि अध्यापनात जे दिसत नाही ते सांगितले गेले तरी ठसत नाही. फोरममधील मंदिर आणि सुबुरातील कल्पित चाळ यांवर एकच ऊन पडलेले असते. बखरकार निदान ‘ऐसी वार्ता’ म्हणून हात राखून लिहितो. या चित्राला तेवढीही मुभा नाही. शोभादर्शन म्हणून त्याचे मोल आहे. अभ्यासक्रमाच्या आरंभी ते दाखविणे मात्र घातक ठरते, कारण एकदा मनात ठसलेले नगर पुढे कोणत्याही पुराव्याने पुसले जात नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘ऑर्बिस’ची योग्यता याहून पुष्कळ वरची आहे. वॉल्टर शायडेल आणि एलायजा मीक्स यांनी २०१२ मध्ये सिद्ध केलेली ही रोमन साम्राज्याच्या दळणवळणाची गणिती प्रतिकृती आहे. सहाशेहून अधिक स्थळे, त्यांना जोडणारे रस्ते, नद्या व सागरमार्ग, महिन्यागणिक बदलणारे वारे, हे सर्व हिशेबात धरून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यास किती दिवस व किती खर्च लागे, हे ती सांगते. जानेवारीत जो सागरमार्ग बंद, तोच जुलैत सर्वांत स्वस्त. साम्राज्य म्हणजे नकाशावरील रंगीत डाग नसून ऋतूंनुसार आकुंचन-प्रसरण पावणारे अंतरांचे जाळे होते, हे तिच्याइतके स्पष्ट क्वचितच कोणी दाखविले असेल. परंतु तिच्या खर्चाच्या आकड्यांचे मूळ पाहावे. ते मुख्यतः डायोक्लेशियनच्या इ. स. ३०१ च्या दरपत्रकावर आधारलेले आहेत. रस्त्यांचे जाळे मात्र इ. स. २०० च्या सुमाराचे धरलेले आहे. मधल्या शंभर वर्षांत रोमन नाण्यातील चांदी जवळजवळ नाहीशी झाली आणि किमती भडकल्या. शिवाय हे दर बाजारातले नव्हेत. ते राजाज्ञेने ठरविलेले कमाल दर होते. हुकूम ज्यासाठी काढावा लागतो ते व्यवहारात घडत नसते, हे पेशवे दफ्तर चाळलेल्या कोणासही सांगावयास नको. यास्तव ऑर्बिसचे आकडे परस्परांच्या तुलनेपुरते वापरावेत. समुद्रापेक्षा खुष्कीचा मार्ग कितीतरी महाग, हे त्यातून निश्चित दिसते. विशिष्ट प्रवासाला इतकेच देनारियस लागले, असे त्यावरून लिहिणे अनुचित होय.

ऑर्बिसची खरी उपयुक्तता ते खोटे पाडण्याच्या प्रयत्नात आहे. इ. स. पू. ५४ मध्ये सीझर आणि आपला भाऊ क्विंटस यांची ब्रिटनच्या किनाऱ्यावरून निघालेली पत्रे आपणास केव्हा मिळाली, हे सिसेरोने अत्तिकसला तारखांसह कळविले आहे. मधले अंतर सुमारे एका महिन्याचे भरते. विद्यार्थ्याने हाच प्रवास ऑर्बिसला विचारावा आणि दोन उत्तरांतील तफावतीची कारणे शोधावीत. जासूद घोड्यावर होता की पायी, खाडी ओलांडण्यासाठी त्याला खोळंबावे लागले काय, सिसेरो त्या वेळी कोठे होता, असे प्रश्न उभे राहतात. तेथे अध्यापन सुरू होते.

या सर्व सामग्रीत विंडोलांडाच्या लाकडी पट्टिकांना अग्रमान द्यावा लागेल. उत्तर इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीच्या दक्षिणेस असलेल्या या लष्करी ठाण्याच्या ओल्या मातीत १९७३ पासून शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्टिका सापडत गेल्या. त्यांतील बहुतेक ही भिंत बांधली जाण्यापूर्वीच्या, म्हणजे इ. स. १०० च्या आगेमागच्या आहेत. ॲलन बोमन व डेव्हिड टॉमस यांनी संपादिलेल्या या पट्टिका छायाचित्र, अक्षरशः वाचन, भाषांतर आणि टीपा अशा चारही अंगांनी आंतरजालावर पाहता येतात. हे चौपदरी सादरीकरणच त्यांचे अध्यापनमूल्य होय. चौकोनी कंसात संपादकाने भरलेली अक्षरे, अक्षराखाली बिंदू म्हणजे वाचन संशयित. १९३१ च्या लायडन संकेतानुसार केलेल्या या खुणा विद्यार्थ्यास ज्ञात आणि अनुमित यांची सीमारेषा अक्षरागणिक दाखवितात.

क्रमांक १५४ ची पट्टिका घ्यावी. ती तुंग्रियन सैनिकांच्या पहिल्या पलटणीची १८ मे रोजी घेतलेली मोजदाद आहे. एकूण शिपाई ७५२, त्यांत सेंच्युरियन ६. गैरहजर ४५६, त्यांपैकी ३३७ एकट्या कोरिया येथे. ठाण्यावर हजर २९६ आणि सेंच्युरियन एकच. हजर असलेल्यांत आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. म्हणजे कामास योग्य असे २६५. पाठ्यपुस्तकातील नकाशावर प्रत्येक ठाण्यापुढे एका पलटणीचे चिन्ह असते. या कागदात निम्म्याहून अधिक पलटण दुसरीकडेच आहे. दोन ओळींच्या बेरीज-वजाबाकीने सीमेवरील रोमन सैन्याविषयीची पुस्तकी समजूत हलते. ही वजाबाकी विद्यार्थ्याने स्वतः करावी. शिक्षकाने सांगितल्यास तिचा अर्धा परिणाम जातो. सगळी सेना एकाच दिवशी अशीच विखुरलेली असे, असा उलट टोकाचा निष्कर्षही त्याने काढू नये. पट्टिका एका दिवसाची आहे.

क्रमांक २९१ मध्ये क्लाउडिया सेवेरा ही एका अधिकाऱ्याची पत्नी आपल्या वाढदिवसासाठी, ११ सप्टेंबर रोजी, सुल्पिकिया लेपिडिना या मैत्रिणीला बोलावते. पत्राचा बहुतेक भाग लेखनिकाच्या वळणदार हाताचा आहे. शेवटच्या काही ओळी तिच्या स्वतःच्या, किंचित अडखळत्या हाताच्या असून स्त्रीने स्वहस्ते लिहिलेल्या लॅटिनच्या सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांत त्यांची गणना होते. ज्याने केवळ भाषांतर वाचले त्याच्या लेखी हा भेद अस्तित्वातच नाही. छायाचित्र पाहणाऱ्यास तो लॅटिन न येताही दिसतो, आणि मोडी कागदावरील कारकुनाचे अक्षर व शेवटचे स्वदस्तूर ज्याने पाहिले आहे, त्यास तर त्याचा अर्थ समजावून द्यावाच लागत नाही.

शिलालेखांच्या संग्रहांबद्दल थोडक्यात सांगता येईल. क्लाउस-स्लाबी सूचीत पाच लाखांहून अधिक लॅटिन लेख शोधता येतात. संख्या दडपून टाकणारी आहे; परंतु संहितेपुरताच शोध घेणाऱ्यास दगड, त्याचा आकार आणि तो सापडल्याची जागा यांचा विसर पडतो. प्रगत विद्यार्थ्याखेरीज इतरांनी तेथे आरंभ न करणे बरे.

मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथाच्या कर्त्याने बारिगाझा, म्हणजे भडोच, येथून पैठण दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, पूर्वेस दहा दिवसांवर असल्याचे नोंदविले आहे. भारताकडील सागरमार्ग आणि दख्खनमधील हे रस्ते ऑर्बिसच्या कक्षेबाहेर राहतात. त्याची सीमा साम्राज्याची सीमा आहे, व्यापाराची नव्हे. तेव्हा सिसेरोच्या पत्रावर जी कसोटी लावली तिचीच उलट बाजू येथे वापरता येते : गणित नाही, साक्ष आहे. तीस दिवसांची ही वाट घाटांच्या, नद्यांच्या आणि बैलांच्या चालीच्या हिशेबाने जुळते काय, हे पदव्युत्तर वर्गाने स्वतः मांडून पाहावे. त्यासाठी लागणारा भूगोल त्यांच्या पायाखालचा आहे.

याच मार्गांशी निगडित असलेली एक वस्तू आंतरजालावर वारंवार भेटते. पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि बहुतेक संकेतस्थळांवर तिचे नाव ‘पाँपेईची लक्ष्मी’ असे दिलेले असते. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. तेरची मूर्ती प्रत्यक्ष पाहण्यासाठी परदेशी जावे लागत नाही. मूर्तीच्या नावाखालची ओळ, तिच्या बैठकीवरील खरोष्ठी अक्षर आणि तेरची तिची भगिनी, ही तिन्ही शेजारी ठेवली असता पहिली गळून पडते. व्हेसुव्हियसच्या इ. स. ७९ मधील उद्रेकापूर्वी ती मूर्ती पाँपेईत पोहोचली होती, एवढे निश्चित. ती दख्खनमध्ये घडली की वायव्येकडे, हा प्रश्न त्या खरोष्ठी अक्षरामुळे अद्याप खुला आहे.