मुख्याध्यापकांचा आधार मोजायचा कसा?

ऑस्ट्रेलियात फिलिप रायली यांनी २०११ साली मुख्याध्यापकांच्या आरोग्याची वार्षिक पाहणी सुरू केली. तीत डेन्मार्कमध्ये तयार झालेली कोपनहेगन प्रश्नावली वापरतात. कामाचा बोजा, झोप, थकवा यांबरोबरच सहकाऱ्यांची व वरिष्ठांची मदत किती मिळते, हेही विचारले जाते. उत्तरे देणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा अहवाल मिळतो, ही या पाहणीची मोठी जमेची बाजू आहे.

आमचा आक्षेप आहे तो असे आकडे वाचण्याच्या रीतीवर. मदत मिळणारे कमी थकलेले आढळले, की मदतीनेच थकवा कमी झाला असे आपण चटकन म्हणतो. पण दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीने एकाच वेळी सांगितलेल्या असतात. थकलेल्या माणसाला जवळची मदतही दिसेनाशी होते. तो चिडचिडा झाला की सहकारीही दूर सरतात. मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? त्याच व्यक्तींची उत्तरे वर्षानुवर्षे ताडून पाहिली, तरच थोडा उलगडा होतो. शिवाय सहभाग ऐच्छिक असल्याने सर्वांत गांजलेले मुख्याध्यापक उत्तर द्यायला वेळ काढतील का, हाही प्रश्न उरतो.

याच पाहणीत तणावाची प्रमुख कारणे म्हणून कामाचे प्रमाण आणि अध्यापनासाठी न उरणारा वेळ हीच वारंवार पुढे आली आहेत. तेव्हा बोजा तसाच ठेवून स्नेहसंबंधांचा उपाय सुचवणे अपुरे आहे. आपल्याकडेही पोषण आहाराच्या नोंदी आणि यू-डायसची माहिती भरणाऱ्या मुख्याध्यापकांना कौतुक हवेच. पण त्यातले निम्मे काम वाटून घेणारा सहकारी अधिक हवा. प्रश्नावलीनेही हे इतक्याच नेमकेपणाने विचारावे, असे आम्हांला वाटते.