दोन वेळा उच्चारलेले ‘मी’

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन 2012 साली मराठीत प्रसिद्ध झाले. त्याचे शब्दांकन वैशाली रोडे यांनी केले आहे. शीर्षकात ‘मी’ दोनदा येतो, आणि ग्रंथाचे सामर्थ्य व मर्यादा ह्या द्विरुक्तीतच आहेत. समाजाने शिवी म्हणून फेकलेला शब्द पहिला ‘मी’ ताठ मानेने अंगीकारतो. त्या शब्दाआड लोपलेली व्यक्ती दुसरा ‘मी’ पुढे आणतो.

ठाण्यातील बालपण, नृत्याची ओढ, कुटुंबाशी न तुटलेले नाते आणि गुरु-चेला परंपरेतील प्रवेश, हे सारे निवेदन बोलण्याच्या ओघात येते. त्यात दयेची याचना नाही. वाचकाला उपकारकर्त्याच्या आसनावर बसू न देणे, हा ह्या लेखनाचा मोठा गुण होय.

तथापि सभा-परिषदा गाजविणाऱ्या लक्ष्मीपुढे तिच्या समुदायातील इतर चेहरे पुष्कळदा अंधुक होतात. एक व्यक्ती वर चढली की सर्वांना हक्क मिळाला, असा समज त्यामुळे होऊ शकतो. तो किती फसवा आहे, हे मध्यप्रदेशातील कटनी येथे दिसले. तेथील मतदारांनी कमला जान यांना महापौरपदी निवडून दिले; परंतु ते पद स्त्रियांसाठी राखीव होते आणि कायद्याने त्या पुरुष ठरल्या, म्हणून न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. लोकमताने दिलेले स्थान कायद्यातील एका शब्दाने हिरावले.

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचा स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. त्या खटल्यात लक्ष्मी स्वतः हस्तक्षेपकर्त्या होत्या; ग्रंथातील पहिल्या ‘मी’ला तेथे कायद्याचे अधिष्ठान लाभले. पुढे 2019 च्या कायद्याने दाखल्याची अट घातली. देवास जिल्ह्यातील उदयनगरसारख्या आडगावच्या रहिवाशानेही ‘मी कोण’ हे सांगण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, असे ठरले. ज्याच्यापाशी ना नाव, ना सभेचे व्यासपीठ, त्याच्या हक्काची कसोटी त्या कचेरीतच लागते.

म्हणून ह्या ग्रंथाचे स्वागत करताना एक अपेक्षा नोंदविणे प्राप्त आहे. ‘मी’ म्हणण्याचे धैर्य त्याने मराठी वाङ्मयाला दिले. त्या धैर्यातून ‘आम्ही’ म्हणणारे लेखन आता यावयास हवे.