राक्षस कोणी ठरवला? : पुढचा खेळ निवडताना

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७० साली सुरू झाला. त्या केंद्राच्या आसऱ्याने जी वस्ती वाढली तिच्यातली दुसरी-तिसरी पिढी आज कॉलेजात आहे. ह्या पोरांच्या घरी संगणक असलाच तर तो कोणी तरी वापरून टाकलेला, जुना. नव्या खेळांना लागणारे महागडे यंत्र त्यांना परवडत नाही. म्हणून ती १९८० ते २००० ह्या काळातले जुने खेळ खेळतात : तलवारी, जादू, भुयारे आणि राक्षस असलेले 'रोल-प्लेइंग गेम', म्हणजे भूमिका घेऊन खेळायचे खेळ. शिकवणीच्या निमित्ताने मी ह्या पोरांत वावरतो, आणि हे खेळ मी स्वतःही खेळतो. 'सर, हा संपला. आता पुढचा कोणता?' असे ती मला नेहमी विचारतात. मी ह्या प्रश्नाकडे वाङ्मयीन प्रश्न म्हणून पाहतो, आणि त्याचे उत्तर इथे जरा सविस्तर देणार आहे.

चळवळीतल्या काही मित्रांना हा विषयच पोरकट वाटेल. आपल्या पोरांनी अभ्यास सोडून परदेशी राक्षस मारत बसावे काय, असे ते विचारतील. माझे त्यांना एवढेच विचारणे आहे की, आपल्या समाजाच्या मनात राक्षस कोण आणि देव कोण हे बसवले कोणी? कायद्याच्या पुस्तकांनी नव्हे. ते बसवले कीर्तनाने, पुराणाने, आजीच्या गोष्टीने आणि अलीकडे 'चांदोबा'ने. मनोरंजन हेच संस्कृतीचे सर्वांत प्रभावी हत्यार आहे. त्यातही फरक असा की, गोष्ट ऐकणारा नुसता ऐकतो. इथे खेळणाऱ्याला राक्षस स्वतःच्या हाताने मारावा लागतो, आणि मारल्याबद्दल त्याला गुण मिळतात. मग कोणाला मारल्याचे गुण मिळतात आणि कोणाशी बोलता येते, हे आधी पाहिले पाहिजे. खेळ निवडण्याची माझी कसोटी हीच आहे.

१

ह्या खेळांचे मूळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' ह्या कागद-पेन्सिल-फाशांच्या अमेरिकन खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनी तो १९७४ साली काढला. खेळणाऱ्याने आधी एक पात्र घडवायचे : त्याचा वंश निवडायचा, पेशा निवडायचा, आणि बळ, बुद्धी, चापल्य असे गुण आकड्यांत मांडायचे. वंशाला तिकडे 'रेस' म्हणतात. आमची पोरे त्याला सरळ 'जात' म्हणतात. भाषांतर म्हणून ते ढोबळ आहे. पण नियमांचे कोष्टक उघडले की पोरांचे बरोबर आहे असे वाटू लागते.

१९७८ च्या नियमपुस्तकात 'पॅलाडिन', म्हणजे धर्मवीर, हा पेशा फक्त माणसाला खुला आहे. बुटक्या खाणकरी 'ड्वार्फ' लोकांना जादूची विद्या वर्ज्य आहे. बहुतेक मानवेतर वंशांना बहुतेक पेशांत एका पायरीपर्यंतच चढता येते. कर्तृत्व कितीही असो, वरची पायरी बंद. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या राक्षसकोशात 'ऑर्क' ही अख्खी जमात दुष्ट म्हणून नोंदलेली आहे. एखादा ऑर्क दुष्ट असतो असे नव्हे. ऑर्क म्हणजेच दुष्ट. त्यांचे मूल जन्मतःच मारण्याजोगे. विद्या कोणाला, शस्त्र कोणाला, पायरी कुठवर, हे जन्मावरून ठरवणारे कोष्टक आपल्याला अपरिचित आहे काय?

हेच नियम १९८८ च्या 'पूल ऑफ रेडिअन्स'मधून संगणकावर आले आणि १९९८ च्या 'बाल्डर्स गेट'पर्यंत बऱ्याच अंशी टिकले. 'बाल्डर्स गेट'चा दुसरा भाग २००० साली आला. त्यात अर्ध-ऑर्क होऊन खेळता येते. पण बळ एकाने वाढते आणि बुद्धी दोनने घटते. अंगमेहनतीला चांगला, डोक्याला कमी! हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलेले आहे. पुढे २००० च्या नव्या आवृत्तीत पेशाबंदी उठली, आणि २०२४ च्या पुस्तकातून 'रेस' हा शब्दही गेला. टीका झाल्याशिवाय हे झाले नाही. तेव्हा खेळाचे नियम बदलत नसतात असे कोणी म्हणू नये.

'बाल्डर्स गेट' वाईट आहे असे मी म्हणत नाही. दुसऱ्या भागात व्हिकोनिया नावाच्या एका काळ्या 'ड्राऊ' बाईला शहरातला जमाव खांबाला बांधून जाळायला निघतो. गुन्हा एवढाच की ती त्या जमातीत जन्मली. तिला सोडवायचे की निघून जायचे, हे तुमच्यावर सोपवले आहे. प्रसंग जबरदस्त आहे. पण सोडवल्यावर तिच्या नोंदीत पाहावे तर खेळानेच तिच्यावर 'दुष्ट' असा शिक्का मारलेला! जमावाचा निवाडा आणि लेखकाचा निवाडा इथे एकाच कोष्टकातून येतो.

२

रिचर्ड गॅरियट ह्या लेखकाची 'अल्टिमा' मालिका मला ह्या दृष्टीने अधिक महत्त्वाची वाटते. तिचा चौथा भाग १९८५ साली आला. ह्या खेळात शेवटी मारायला कोणी महाराक्षस नाही. सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ सद्गुण आचरून खेळणाऱ्याने 'अवतार' व्हायचे. शब्द आपल्याकडचाच आहे. त्याच्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

सुरुवातीला एक ज्योतिषी बाई तुम्हाला नैतिक पेच घालते. तुमच्या उत्तरांवरून तुम्हाला कोणता गुण अधिक प्रिय हे ठरते, आणि त्यावरून पेशा. शौर्य मानणारा योद्धा, सत्य मानणारा जादूगार, नम्रता मानणारा मेंढपाळ. आणि मेंढपाळ आठांत सर्वांत दुबळा! इथे आपल्या वाचकाचे कान टवकारले पाहिजेत. जन्मावरून नव्हे, गुणकर्मावरून वर्ण, हा युक्तिवाद आपण पिढ्यान्पिढ्या ऐकला आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात त्याचा समाचार घेतला. माणसांचे चार कप्पे करायचेच कशाला, हा त्यांचा प्रश्न होता; कप्पा गुणावरून दिला म्हणून कप्पा न्याय्य होत नाही.

मग गॅरियट हा गुणकर्मवादी आहे काय? सुरुवातीपुरता आहे. पण खेळ पुढे सरकतो तसा तो कप्प्यांची भिंत पाडतो. मेंढपाळालाही शौर्य सिद्ध करावे लागते आणि योद्ध्यालाही नम्रता. ज्याचा त्याचा स्वधर्म वेगळा, ही सोय इथे नाही. आठही पेशांची माणसे बरोबर असल्याशिवाय शेवटच्या दालनात प्रवेशच मिळत नाही. शिवाय एक आंधळी बाई औषधी विकते. तिला मोजलेले पैसे कमी दिले तरी त्या क्षणी कोणी अडवत नाही. पण खेळ ते लक्षात ठेवतो आणि तुमचे सत्य घटते. नीती म्हणजे न पाहणाऱ्यासमोर केलेला व्यवहार, हे व्याख्यान न देता शिकवणारा प्रसंग मला दुसऱ्या खेळात क्वचितच आढळला.

तरीही एक गोष्ट खटकत राहते. दुष्ट प्राण्यांपुढून पळालात तर शौर्य घटते. आणि दुष्ट कोण ह्याची यादी आधीच ठरलेली आहे. यादी करणाऱ्याला मात्र कोणी प्रश्न विचारत नाही.

३

तो प्रश्न गॅरियटने पुढच्या दोन भागांत स्वतःच विचारला, हे त्याचे मोठेपण आहे. पाचव्या भागात (१९८८) राजा बेपत्ता होतो आणि ब्लॅकथॉर्न नावाचा कारभारी त्याच आठ सद्गुणांचे सक्तीचे कायदे करतो. खोटे बोललास तर जीभ जाईल, अशा धाटणीचे. सद्गुणाचे दंडसंहितेत रूपांतर झाले की काय होते ते इथे दिसते. ज्या संहितेत शूद्राची जीभ छाटण्याची तरतूद होती, ती महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी का जाळावी लागली, हे ज्याला उमजले त्याला हा खेळ फार समजावून सांगावा लागत नाही.

सहावा भाग (१९९०) मात्र मला ह्या साऱ्या परंपरेत अपूर्व वाटतो. त्याचे उपनाव 'खोटा प्रेषित' असे आहे. आरंभीच लाल कातडीचे, शिंगांचे गार्गॉइल तुम्हाला वेदीवर बळी द्यायला निघतात; मित्र तुम्हाला सोडवतात. ह्या राक्षसांनी राज्यातली सद्गुणांची देवस्थाने बळकावली आहेत. तुम्ही एकेक देवस्थान मारून मोकळे करू लागता. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी कोण उभे होते आणि दार कोणी लावून घेतले, हे माहीत असलेल्या नाशिककराला इथेच शंका यावी. तुलना ताणायची नाही; पण देवस्थान कोणाचे आणि आत आलेला 'बाटवणारा' कोणाच्या नजरेत, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

मग गार्गॉइलांच्या भाषेतला एक ग्रंथ उलगडला जातो, आणि पायाखालची जमीन सरकते. ह्या लोकांना त्यांची नीती आहे, त्यांची देवस्थाने आहेत, त्यांचा इतिहास आहे. चौथ्या भागात तुम्ही ज्ञानाचा जो महान ग्रंथ मिळवून 'अवतार' झालात, तो त्यांचा होता. तो गेला आणि त्यांच्या भूमीचा विध्वंस सुरू झाला. त्यांच्या भविष्यात सांगितलेला खोटा प्रेषित, चोर आणि संहारक, तो म्हणजे तुम्ही. अवतार.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त नेमके हेच केले नव्हते काय? मत्स्य, वराह, नरसिंह, वामन, परशुराम ह्या अवतारांच्या कथा त्यांनी उलट बाजूने वाचल्या. ज्यांना पुराणाने दैत्य म्हटले ते इथले लोक, आणि ज्याला अवतार म्हटले तो त्यांचे राज्य हिरावणारा. बळीला पाताळात घालणारी ती गोष्ट आपण बळीच्या बाजूने सांगू लागलो ती तेव्हापासून. गॅरियटला फुले ठाऊक असण्याचे काही कारण नाही. पण विजेत्याच्या कथेतला राक्षस हा पराभूताच्या कथेतला पूर्वज असतो, ह्या जागी दोघेही पोचले आहेत. फरक एवढाच की फुल्यांचा वाचक हे वाचून जागा होतो, आणि गॅरियटच्या खेळणाऱ्याला स्वतःने मारलेले आठवावे लागतात.

शेवटही लक्षात घेण्यासारखा आहे. तुम्ही शरणागतीचे चिन्ह गळ्यात घालून त्यांच्या देशात जाता, त्यांचे सद्गुण शिकता, आणि अखेर तो ग्रंथ अशा जागी ठेवता की तो कोणाच्याच मालकीचा राहू नये आणि दोन भिंगांतून दोन्ही लोकांना वाचता यावा. ज्ञानाची मक्तेदारी मोडणे हाच समेट. नुसते हृदयपरिवर्तन नव्हे.

४

म्हणून हा खेळ आपला झाला काय? नाही. गार्गॉइल होऊन खेळण्याची सोय त्यात नाही. नायक बाहेरचाच, प्रायश्चित्त घेणाराही तोच. सहानुभूती आणि स्वानुभव ह्यांतला जो वाद आपल्या साहित्यात झाला तो इथे लागू पडतो. हे गार्गॉइलांविषयीचे साहित्य आहे, गार्गॉइलांचे नव्हे. दुसरे असे की, त्यांच्यातही पंखवाले विचार करणारे आणि बिनपंखी राबणारे, अशी जन्मजात विभागणी लेखकाने ठेवलीच. राक्षसांना न्याय देतानाही त्याला उतरंडीवाचून समाज कल्पिता आला नाही.

ही उणीव काही अंशी २००१ चा 'आर्केनम' भरून काढतो. तिथे जादूच्या जगात वाफेची यंत्रे आणि कारखाने आले आहेत, आणि कारखान्यात राबतात ते ऑर्क व अर्ध-ऑर्क. इथे तुम्हीच अर्ध-ऑर्क होऊ शकता. मग दुकानदारापासून सरदारापर्यंत लोक तुमचे तोंड पाहून वागतात. तुमचे काम नंतर. अर्ध-ओग्रांच्या जन्मामागचे कारस्थान शोधण्याचा एक धागा त्यात आहे. श्रीमंतांना धिप्पाड अंगरक्षक हवेत म्हणून बायकांवर लादलेली ती सक्ती उघड होते, आणि पुरावा नाहीसा होऊन कोणालाही शिक्षा होत नाही. खेळात विजय न देण्याचे हे धाडस मोठे आहे. अर्ध-ओग्रची बुद्धी मात्र ह्याही कोष्टकात कमीच धरली आहे.

तेव्हा पोरांना माझे सांगणे असे : आधी 'अल्टिमा'चा चौथा भाग खेळा. तो फुकट आणि रीतसर मिळतो, आणि कसल्याही यंत्रावर चालतो. त्यात लोकांशी बोलायला इंग्रजी शब्द टंकावे लागतात. शब्दकोश शेजारी ठेवा, तेवढेच इंग्रजी पक्के होईल. मग सहावा. मधला पाचवा ज्याला चिकाटी आहे त्याने घ्यावा. पण चौथा टाळून सहाव्याला हात घालू नये, कारण जो अवतार झालाच नाही त्याला चोर ठरण्याची बोच लागत नाही. त्यानंतर 'आर्केनम', अर्ध-ऑर्क होऊन. 'बाल्डर्स गेट' शेवटी, तोवर कोष्टक वाचण्याची नजर आलेली असेल.

प्रत्येक खेळाबरोबर एक वही ठेवा. किती मारले ह्याचा हिशेब खेळ ठेवतोच. तुम्ही वहीत लिहा : कोणाला बोलू दिले नाही, आणि दुष्टांची यादी कोणी केली. संगणकशास्त्र शिकणारी आपली पोरे आता थोडी नाहीत. अशा चार-सहा वह्या भरल्या की त्यांतल्या एखाद्याने बळीच्या बाजूचा खेळ मराठीत करायला घ्यावा. गोष्ट शोधावी लागणार नाही. ती दीडशे वर्षांपूर्वी सांगून झालेली आहे.